काशीराम कोणाचा

(समुद्राकाठचा जाळी ठेवण्याचा मांगर. भर दुपार. दाराला आतून अडसर. शिडाच्या कापडाखाली एक देह.)

हर्षद : कोयता दे गो आजी. बाहेर आमची पोरं थांबलीत. मी असा रिकाम्या हातानं जाणार नाय.

मालन : कोयता माझ्या मांडीखाली आहे आणि तो तिथेच राहील. खाली बस, हर्षद. तूही, स्वरूप. दाराला कान लावून उभे राहण्याचे कारण नाही. ते जे ओरडत आहेत ते मला इथेही ऐकू येते.

स्वरूप : आजी, दंडातलं रक्त थांबत नाहीये.

मालन : लुगड्याची पट्टी फाडून दिली आहे ना? एक टोक दातात धर आणि घट्ट ओढ. तुझ्या मामाच्या अंगातून एक थेंब बाहेर आला नाही, तरी तो गेला. तेव्हा रक्ताचे मला सांगू नकोस.

हर्षद : ह्याच्यासमोर बाबांचं नाव काढू नको. ह्यानं मारलं बाबांना.

स्वरूप : मी मारलं? तुझ्या दलाची माणसं दोराला लोंबकळत होती, त्यांनी नाही मारलं?

हर्षद : आणि तुझे लाल बावटेवाले काय वाळूत शंख गोळा करत होते?

मालन : गप्प! दोघेही गप्प. तुम्ही आवाज चढवलात तर बाहेरच्यांना वाटेल आत मारामारी जुंपली आहे. मग ते दार फोडतील. दार फुटले तर काशीरामच्या शेजारी आणखी कोण आडवे होईल हे मला सांगता येत नाही, आणि तुम्हालाही येत नाही. बस म्हटले ना?

हर्षद : बसलो.

मालन : मांडी घालून बस. उकिडवा बसलास की उठायला वेळ लागत नाही.

स्वरूप : दगड पडला. कौलावर पडला, आजी.

मालन : कौले बदलता येतात. आता एकेकाने बोला. तुम्हाला काशीराम कशासाठी हवा आहे? तू आधी, हर्षद. तू त्याचा मुलगा आहेस.

हर्षद : दलाच्या साहेबांचा फोन आला व्हता. रत्नागिरीतून निघालेत. सजवलेली गाडी आणतायत. बाबांना किनारा रक्षक दलाच्या झेंड्यात गुंडाळायचं आणि बाजारातून न्यायचं. बोल्ले, तुझा बाप किनाऱ्याचा पहिला हुतात्मा. त्याच्या नावानं आज सगळा तालुका पेटेल.

मालन : पेटेल, असे म्हणाले? हाच शब्द वापरला?

हर्षद : हाच.

स्वरूप : मामा तुमच्या एका कवायतीला आला नाही. तुमचा तो काळा सदरा तू घरी आणलास तेव्हा त्यानं अंगणात वाळत घालू दिला नाही. आणि आता त्याला तुमचा झेंडा? तो आमच्याबरोबर कंपनीच्या जेटीच्या विरोधात मोर्चाला आला होता. हा किनारा कंपनीला द्यायचा नाही म्हणून आला होता. त्याच्या अंगावर पडायचाच तर लाल बावटा पडेल.

मालन : मोर्चाला तो तुझा जेवणाचा डबा घेऊन आला होता. तू उपाशीच निघालास म्हणून. परत आल्यावर मला म्हणाला, आई, उन्हात उभी राहून पोरं घसा फोडतात आणि पाण्याची बाटली कोणी आणत नाही.

स्वरूप : ...आला तर होता ना?

मालन : आला होता. डबा देऊन दोन घोषणाही दिल्या असतील. त्याला मोठ्याने ओरडायला आवडायचे, होडीवरचा तांडेल होता तो. म्हणून तो तुमचा हुतात्मा होत नाही.

हर्षद : मग कोणाचा?

मालन : माझा मुलगा. ह्याहून जास्त आज कोणाला काही कळण्याची आवश्यकता नाही.

स्वरूप : आजी, इतकं सोपं नाही ते. ही गावातली भांडणं नाहीत. हे काय आहे ह्याला नाव आहे. काळे सदरे, कवायती, एक साहेब, साहेबाच्या मागे कंपनी. ह्याला फॅसिझम म्हणतात.

हर्षद : घ्या! बाप मेला तरी ह्याचं वाचनालय संपत नाय.

मालन : वाचनालयाचे नाव काढलेस ते बरे झाले. हे सगळे परवा तिथेच पेटले. व्याख्यान होते, अध्यक्ष मी होते. पाहुण्या प्राध्यापकांनी विषय घेतला होता, फॅसिझम हा समाजवादाचा भाऊ की वैरी. मला वाटले, गावाच्या कानावर चार शब्द पडतील, लोक घरी जाऊन जेवतील. जन्मभर मुलांना शिकवले, पण ह्या दोन मुलांच्या हातात खुर्च्या येतील हे मला कळले नाही.

हर्षद : पयली खुर्ची ह्यानं उचलली.

स्वरूप : कारण तू उभा राहून ओरडलास, दोन्ही एकाच आईची पोरं म्हणून.

हर्षद : हायतच! मी माझ्या मनचं बोल्लो काय? तो मुसोलिनी आधी समाजवाद्यांचाच पेपर चालवायचा. जर्मनीवाल्यांच्या पक्षाच्या नावातच समाजवाद. आणि तुमच्या रशियात काय व्हतं? एकच पक्ष, भिंतीवर एकच फोटो, जो विरुद्ध बोल्ला तो बर्फात. दोघांनी मिळून पोलंडचे दोन तुकडे केले तेव्हा कोण कोणाचा वैरी व्हता, सांग की!

स्वरूप : अर्धंच ऐकून आलास. त्याच समाजवाद्यांनी त्याला पक्षातून हाकलला होता. हाकलल्यावर तो जमीनदारांच्या आणि कारखानदारांच्या जिवावर उभा राहिला. त्याच्या टोळ्या गावोगाव शेतमजुरांची कार्यालयं जाळत फिरल्या. जर्मनीत पहिल्या छळछावणीत पहिलं कोणाला नेलं? कम्युनिस्टांना. मग समाजवाद्यांना, युनियनवाल्यांना. नाव समाजवाद आणि गोळ्या समाजवाद्यांना. भाऊ भावाला असं करतो?

मालन : भाऊ भावाला काय करतो ते तुझ्या दंडावर बांधलेल्या पट्टीला विचार. तू बरोबर मांडतोस, स्वरूप. नेहमीच बरोबर मांडतोस. पण बोलताना तू ह्याच्याकडे बघतसुद्धा नाहीस. जणू ह्याच्या जागी एक फळा उभा आहे.

हर्षद : बघेल कसा? ह्या डोळ्याकडे बघायची लाज वाटते त्याला. संपाच्या वेळी माझ्या तोंडाला डांबर कोणी फासलं, विचार. आईचं ऑपरेशन झालं व्हतं म्हणून मी बंदरावर कामाला गेलो, बाकी काय केलं व्हतं? फाटकापाशी धरला. हात मागं बांधले. गरम डांबर, आजी, रस्त्याचं. डोळ्यात गेलं. अजून डाव्या डोळ्यानं माणूस दिसतो तो धुरात उभा असल्यासारखा. आणि हा मागं उभा व्हता. बोल्ला, गद्दाराला असंच पायजे.

मालन : स्वरूप?

स्वरूप : संप मोडला असता तर शंभर घरं... आजी, संप फोडणाऱ्याला—

मालन : मी तुला संपाचे विचारले नाही. तू तसे म्हणालास का?

स्वरूप : म्हणालो.

मालन : घरी येऊन ह्याच्याच पंगतीला जेवलास. आणि ह्याने मला सांगितले, ड्रम फुटून अंगावर उडाले.

हर्षद : काय सांगू? तुझा नातू तुझ्या नातवाला भाजतो म्हणून?

स्वरूप : आणि तो नेपाळी खलाशी? तो सांगितलास का आजीला? ट्रॉलरवरून ओढून काढलात त्याला. डोलकाठीला बांधून काठ्यांनी फोडलात. तो तुम्हाला दादा म्हणून 'दाजू, दाजू' करत होता, तुम्ही हसत होता. गुडघा गेला त्याचा. काय केलं होतं त्यानं? संप फोडला होता? नुसता जन्मला होता, दुसरीकडे. हाच फरक आहे, हर्षद! आम्ही मारलं ते तू जे केलंस त्याबद्दल. तुम्ही मारलं ते तो जो आहे त्याबद्दल.

हर्षद : डांबराला फरक कळत नाय रे. ते सगळ्यांना सारखंच भाजतं.

मालन : पुरे. फरक आहे, हर्षद. ते तुला ऐकावे लागेल. त्या खलाशाला वाचायला कोणतीही वाट नव्हती. तुला होती, कामाला न जाण्याची, पण ती वाट तुझ्या आईच्या खाटेवरून जात होती. स्वरूपने ते पाहिले नाही. पण फरक आहे, आणि तो लहान नाही. दार कोण बडवते आहे?

स्वरूप : आमचेच. माझं नाव घेतायत. बॉडी बाहेर द्या म्हणतायत.

हर्षद : आमचे पण आलेत. पायऱ्यांवर काठ्या आपटतायत, तो आवाज आमचा.

मालन : पोलिसांना कळवले होते.

स्वरूप : त्यांची गाडी पोचणार कशी? रस्त्यावर होड्या आडव्या टाकल्यात.

मालन : कोणी?

स्वरूप : खालच्या वळणावर त्यांनी. वरच्या वळणावर आम्ही.

मालन : छान! एवढे एक काम तरी मिळून केलेत. आता सकाळचे सांगा. मी आले तेव्हा तो वाळूत पडला होता आणि तुम्ही दोघे त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांचा गळा धरून उभे होता. त्याच्या आधीचे सांगा. खोटे बोललात तर मला कळेल. तुम्ही दोघे बोलायला शिकलात ते ह्याच जाळ्यांवर बसून.

स्वरूप : रापणीचं जाळं होडीनं गोल टाकलं. दोन दोर किनाऱ्यावर आणले, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. दोन्हीकडून माणसं ओढतात तेव्हा—

मालन : रापण मला शिकवतोस?

स्वरूप : नाही. मामानं ठरवलं होतं, उत्तरेचं टोक आमचं, दक्षिणेचं दलाचं. मासळीचे वाटे सगळ्यांना सारखे. ज्यानं दोराला हात लावला त्याला वाटा, नेहमीसारखं.

हर्षद : हसले पण बाबा. बोल्ले, बांगड्याला झेंडा कळत नाय.

मालन : मग?

स्वरूप : जाळं जवळ येतं तशी दोन्ही टोकं एकमेकांकडे सरकतात. आम्ही समोरासमोर आलो. तेवढ्यात ह्यांचा दोर वर सरकायला लागला. सरळ कंपनीच्या कुंपणाकडे.

मालन : कुंपणाकडे कशासाठी? तिथे जाळे फाटते, खडक आहे.

हर्षद : ...साहेबांनी सांगितलं व्हतं. आजची रापण कुंपणापाशी लावायची. कंपनीचे लोक येणार व्हते. फोटो काढायचे व्हते, गाव आणि कंपनी एकत्र म्हणून.

मालन : हे तू तुझ्या बापाला सांगितले होतेस?

हर्षद : नाय.

मालन : पुढे.

स्वरूप : आमच्या लोकांनी स्वतःचं टोक वाळूत टाकलं आणि ते ह्यांच्या दोराला उलट्या दिशेनं लटकले. मी सगळ्यात पुढे होतो. एकाच दोराला दोन्हीकडून, आजी. शिव्या, लाथा. कोणीतरी कोणाच्या तोंडावर वल्हं मारलं, दात उडाले, ते वाळूत पडलेले मी पाहिले. आणि मामा मधे होता. ओढायला जोर मिळावा म्हणून त्याचा कमरपट्टा त्याच दोराला अडकवलेला होता.

मालन : तो काढू शकला नाही?

हर्षद : दोर ताठ असला की पट्टा निघत नाय गो. दोर ढिला झाला तरच निघतो. बाबा पडले. पट्टा कमरेवरून छातीवर चढला. मग इथं. इथं आला, गळ्याशी.

मालन : आणि तो काही बोलला नाही?

स्वरूप : ओरडला. 'सोडा' म्हणून ओरडला. रापणीवर ओरडतो तसंच.

मालन : ऐकू आले?

स्वरूप : सगळ्यांना आलं.

मालन : मग कोणी सोडले?

हर्षद : नाय सोडलं. कोणीच नाय. आमी सोडला असता तर ते दोर घेऊन गेले असते.

स्वरूप : आम्हाला वाटलं तो त्यांना सांगतोय.

मालन : तुला वाटले तो त्यांना सांगतो आहे. आणि तुला काय वाटले, हर्षद?

हर्षद : नको ना आजी.

मालन : सांग.

हर्षद : माझ्याकडे बघून बोल्ले. 'हर्षा, सोड.' नाव घेतलं माझं. मी बोल्लो, आधी त्याला सोडू दे.

स्वरूप : मलाही म्हणाला, स्वरूप, तू तरी. मी... मी तेच म्हणालो. आधी त्यांना सोडू दे.

मालन : हातात कोयता कोणाच्या होता?

हर्षद : माझ्या.

मालन : दोर का कापला नाहीस?

हर्षद : रापणीचा दोर? रापणीचा दोर कोण कापतो? तूच सांगायचीस ना लहानपणापासून, दोर कापला त्याचा गावाशी संबंध तुटला, त्याच्या घरी कोणी पाणी पीत नाय. माझ्या डोस्क्यातच आलं नाय, आजी! आईशप्पथ नाय आलं. कोयता उचलला तो ह्याच्या हातावर मारला. ह्याचा हात तोडला असता, पण दोर नाय.

मालन : होय. मीच सांगत असे. तसेच मला माझ्या सासूने सांगितले होते. ते माझ्यापाशी राहू दे. ते मी मरेपर्यंत सांभाळीन. स्वरूप, कापड उचल.

स्वरूप : आजी, नको.

मालन : तुम्ही दोघे बाहेर त्याला मिरवायला निघाला आहात. आधी तोंड बघा. हर्षद, तूही पुढे ये.

हर्षद : मला नाय बघायचं.

मालन : ये म्हणते ना! हा वळ बघ. आणि हा, दुसऱ्या बाजूचा. ह्यातला कोणता तुझा आणि कोणता ह्याचा ते मला दाखवा. प्राध्यापकांनाही बोलावू, त्यांनाही ओळखता येतो का पाहू.

हर्षद : बाबा... ओ बाबा...

मालन : रड. पण हळू रड. बाहेर ऐकू गेले तर त्याचीही घोषणा करतील.

स्वरूप : पेट्रोलचा वास येतोय.

मालन : कुठून?

स्वरूप : मागून. झावळ्यांच्या भिंतीमागून. कोणीतरी ओततंय. अरे ए! कोण आहे तिकडे? आत आम्ही आहोत!

मालन : ओरडून काय उपयोग? त्यांना ठाऊक आहे आत कोण आहे. तुमच्यापैकी कोणाची माणसे?

हर्षद : काय म्हायत.

स्वरूप : कळत नाही.

मालन : नाही ना कळत? मग ऐका. साहेब पोहोचण्याआधी आणि त्या मागच्या माणसाला काडी सापडण्याआधी हे दार उघडायचे आहे. एकेकाने बाहेर जायचे, आणि आपापल्या माणसांना सांगायचे. समोरच्यांना नाही, आपल्या. 'काशीरामने सोड म्हटले तेव्हा मी ओढत होतो.' एवढेच. पुढे स्पष्टीकरण नको, घोषणा नको.

हर्षद : मारून टाकतील मला. साहेबांनी सगळ्यांना सांगितलंय लाल्यांनी मारलं म्हणून. मी उलटं बोल्लो तर पयला मी.

मालन : शक्य आहे.

हर्षद : एवढंच? शक्य आहे?

मालन : मी तुला खोटा धीर देणार नाही. आज एक मुलगा गेला आहे. तुला पाठवताना माझे काय होते ते मी बोलून दाखवणार नाही. पण तू गेला नाहीस तर संध्याकाळी दोन्ही आळ्यांतली घरे जळतील, आणि त्यात लहान मुले असतील. त्यांच्या नावानेही गाड्या सजतील.

स्वरूप : आजी, मी असं बोललो तर त्याचा अर्थ काय होईल? उद्या सगळे म्हणतील, बघा, दोन्ही सारखेच. हेच त्यांना हवंय. मारणारा आणि अडवणारा एका पारड्यात बसवला की मारणाऱ्याचं काम झालं. ते किनारा विकायला ओढत होते! आम्ही वाचवायला ओढत होतो. हे एक नाही. मी हे खोटं बोलू?

मालन : मी तुला 'आम्ही सारखे' असे म्हणायला सांगितले का?

स्वरूप : अर्थ तोच निघतो.

मालन : अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. तुला फक्त काय घडले ते सांगायचे आहे. तुझे कारण चांगले होते, हे मी मान्य करते. काशीरामनेही केले असते. कारण चांगले असताना हात सोडता आला नाही, ह्याचे मला जास्त भय वाटते. हर्षदच्या साहेबाकडून मी कधी काही अपेक्षा केली नव्हती. तुझ्याकडून केली होती.

हर्षद : जातो मी.

स्वरूप : थांब. हर्षद, तो सदरा तरी काढ. तुला बघून आमचे लोक—

हर्षद : नाय. ह्याच सदऱ्यात ओढला, ह्याच सदऱ्यात सांगतो. आजी, अडसर काढ.

मालन : इकडे ये. जवळ ये. तोंड पूस. बापासारखा मोठ्याने बोल, म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत जाईल. आणि परत आत ये. काय म्हणाले मी?

हर्षद : परत आत ये.

मालन : जा.

स्वरूप : गेला... आजी, फळीच्या फटीतून दिसतंय. पायरीवर उभा आहे. ते जयजयकार करतायत. त्याला खांद्यावर घेतायत.

मालन : मी डोळे मिटले आहेत. तू सांगत राहा.

स्वरूप : हात वर केला त्यानं. थांबवतोय त्यांना. बोलतोय.

मालन : मला ऐकू आले. 'मी ओढत होतो' म्हणाला. 'आमी' म्हणाला नाही.

स्वरूप : खांद्यावरून उतरवला. ते एकमेकांकडे बघतायत. त्यानं परत सांगितलं, मोठ्यानं. कोणीतरी त्याच्या कानाखाली मारली. तो म्हणतोय, कुंपणाकडे नेत होतो, बाबांना ठाऊक नव्हतं... आजी, काठी घातली त्याच्या पायात. पडला. अरे! अरे, त्याचीच माणसं! काल ह्यांच्याबरोबर जेवला तो! डोक्यावर मारतायत. हात डोक्यावर धरलेत त्यानं, बोटांवर मारतायत.

मालन : ओरडतो आहे का?

स्वरूप : नाही. परत तेच सांगतोय. प्रत्येक काठीला तेच.

मालन : आणि तुझी माणसे? ती कुठे आहेत?

स्वरूप : माडाखाली. आहेत सगळे.

मालन : काय करत आहेत?

स्वरूप : बघतायत.

मालन : नुसती बघत आहेत?

स्वरूप : ...हसतायत काही. एक जण व्हिडिओ काढतोय. म्हणतायत, आपसात मरू दे त्यांना.

मालन : स्वरूप.

स्वरूप : आम्ही आणि ते एक नाही, आजी. हे मी मरेपर्यंत म्हणेन.

मालन : नाही ना? मग जा, आणि त्याला आत घेऊन ये.